शंभर किलो चुनखडीचा हिशेब

रसायनशास्त्रांतील समीकरणें पाठ असूनहि त्यांवरील गणित पुढें आलें कीं हायस्कुलांतील पुष्कळ मुलें अडखळतात. दोन्ही बाजूंचे आंकडे तीं बरोबर जुळवितात. परंतु ‘इतक्या कच्च्या मालापासून पक्का माल किती निघेल?’ असें विचारतांच लेखणी थांबते. यांत बुद्धीचा दोष नाहीं. समीकरण म्हणजे व्यवहारांतील वजनाचें प्रमाण होय, ही गोष्ट त्यांच्या प्रत्ययास कोणी आणून दिलेली नसते. ती आणून देण्यास चुन्याच्या भट्टीसारखें सोपें उदाहरण क्वचितच सांपडेल.

चुनखडी सुमारें ९०० अंश सेल्सिअसपर्यंत तापविली म्हणजे तिचा कळीचा चुना होतो व एक वायु निघून जातो. आपल्या जुन्या पुस्तकांत या वायूस कर्बद्विप्राणिद म्हणत. आजचीं मुलें त्यास कार्बन डाय-ऑक्साइड म्हणतात. पुस्तकांत ही सारी क्रिया एका ओळींत मावते: चुनखडीच्या एका कणापासून चुन्याचा एक कण व वायूचा एक कण. तें वाचून मुलास वाटतें कीं, एक किलो चुनखडींतून एक किलो चुना निघावा. घोंटाळा होतो तो येथेंच. समीकरण कणांची संख्या सांगतें. व्यापारी वजन मागतो. या दोहोंना जोडणारा दुवा म्हणजे अणुभार. कॅल्शियमचा अणुभार ४०, कार्बनचा १२ व ऑक्सिजनचा १६. चुनखडींत ऑक्सिजनचे तीन अणु असतात. म्हणून ४०, १२ व ४८ मिळून १००. चुन्याचे ४० व १६ मिळून ५६, आणि वायूचे १२ व ३२ मिळून ४४. अर्थात् १०० किलो शुद्ध चुनखडींतून ५६ किलो चुना हातीं येतो व ४४ किलो वायु हवेंत जातो.

हा ‘नाहींसा झालेला’ भाग खरोखर नाहींसा होत नाहीं, हें स्कॉटलंडमधील जोसेफ ब्लॅक यानें १७५६ मध्यें प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत तराजूनेंच दाखविलें. पुढें १७९२ मध्यें जर्मन रसायनज्ञ रिख्टर यानें अशा हिशेबास स्टॉइकिओमेट्री हें नांव दिलें. नांव अवघड असलें तरी वस्तु वाण्याच्या वहीइतकी सरळ आहे.

आतां मुलास भट्टीचा व्यवस्थापक करावें. रोज ५ टन चुनखडी भट्टींत पडते. परंतु खाणींतील दगड शुद्ध नसतो, त्यांत शेंकडा ९० भागच खरी चुनखडी आहे असें धरावें. तेव्हां हिशेबानें चुना निघावा २.५२ टन. प्रत्यक्षांत निघाला २.२७ टन. म्हणजे शेंकडा ९०. बाकीचा कोठें गेला? कदाचित् मोठाल्या दगडांचा गाभा कच्चा राहिला असेल, कदाचित् जळण कमी पडलें असेल. शुद्धता आणि उतारा हे पाठ्यपुस्तकांतील दोन रुक्ष शब्द अशा वेळीं पैशाचे प्रश्न होतात.

परंतु या हिशेबाचें खरें महत्त्व पैशाहून मोठें आहे. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यांतील सिमेंटचे कारखाने चुनखडीवरच उभे आहेत. सिमेंटचा मुख्य भाग जो क्लिंकर, त्यांत सुमारें शेंकडा ६५ भाग चुना असतो. म्हणजे १०० किलो क्लिंकर तयार करतांना केवळ दगडांतूनच सुमारें ५१ किलो वायु बाहेर पडतो. कोळशाचा धूर निराळाच. उद्यां ती भट्टी सूर्याच्या उष्णतेनें तापविली, तरी हे ५१ किलो कमी होणार नाहींत. कारण ते जळणांत नसून दगडांतच आहेत. पृथ्वीचें तापमान वाढविणाऱ्या वायूंबद्दल मुलें रोज ऐकतात. सिमेंटच्या बाबतींत नुसतें इंधन बदलून कां भागत नाहीं, हें व्याख्यानापेक्षां या त्रैराशिकानें त्यांस अधिक चांगलें कळेल.

हिशेबाची दुसरी बाजू घरांतच पाहतां येते. ५६ किलो कळीचा चुना विरविण्यांत १८ किलो पाणी त्याच्याशीं संयोग पावतें व ७४ किलो विरलेला चुना होतो. वरचें पाणी तो पातळ करण्यापुरतें. हा चुना भिंतीस दिला म्हणजे तो हवेंतून हळूहळू ४४ किलो वायु शोषितो, १८ किलो पाणी सोडतो आणि पुन्हा १०० किलो चुनखडी होतो. भट्टीनें दवडलेलें भिंत परत घेते! सिमेंटच्या इमारतीहि असा वायु शोषितात. परंतु अतिशय सावकाश आणि दवडलेल्यापैकीं कांहीं अंशच. मात्र चुना विरवितांना तो खदखदतो व डोळ्यांत उडाल्यास दृष्टीस धोका असतो. म्हणून हें काम मुलांच्या हातीं देऊं नये, त्यांनीं दुरूनच पाहावें.

शाळेंत शिक्षकांनीं आणि घरीं वडील मंडळींनीं समीकरण शिकवितांना प्रथम कारखान्याचा प्रश्न ठेवावा व मागाहून सूत्र सांगावें. गरज कळली म्हणजे रीत लक्षांत राहते. आरंभास हा प्रश्न घालून पाहावा: २८ किलो कळीचा चुना हवा आहे आणि चुनखडी शेंकडा ९० शुद्ध आहे, तर किती चुनखडी आणावी? साडेपंचावन्न किलोंहून किंचित् अधिक, असें उत्तर रीतीसह आलें, तर समीकरण मुलास खरोखर समजलें असें खुशाल समजावें.