आधी स्पॉन्सर, मग पार्टी!

परवा बाणेरच्या एका कॅफेत आमच्या ग्रुपमधल्या एकानं सगळ्यांना कॉफी पाजली. कारण? लीड्सच्या कंपनीचं ऑफर लेटर! ‘उद्याच पेपर टाकतो,’ साहेब फॉर्मात. मी विचारलं, ‘सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप आलं?’ तर म्हणे, ‘ते काय असतं?’

बॉस, ब्रिटनच्या स्किल्ड वर्कर व्हिसाचा सगळा खेळ त्याच्यावरच तर आहे. नाव सर्टिफिकेट असलं तरी तो फ्रेम करून भिंतीवर लावायचा कागद नाही. ती असते एक कॉम्प्युटरवरची नोंद आणि तिचा नंबर. ती देता येते फक्त होम ऑफिसचं लायसन्स असलेल्या कंपनीला. अशा कंपन्यांची यादी ब्रिटिश सरकारच्या साइटवर आहे, फुकट. आपण हॉटेलचे रिव्ह्यू दहादा वाचतो, ही यादी मात्र कुणी उघडून बघत नाही!

पगाराचंही बघा. एप्रिल २०२४ मध्ये किमान पगाराची अट वर्षाला २६,२०० पौंडांवरून एकदम ३८,७०० वर गेली आणि २२ जुलै २०२५ पासून ४१,७०० झाली. त्या कामाचा ठरलेला दर याहून जास्त असेल, तर तो लागू. सव्विशीच्या आतल्यांना थोडी सवलत आहे. म्हणजे दोन वर्षांपूर्वी गेलेल्या सीनियरचा पगार ऐकून खूश होऊ नका, तो आकडा आज कदाचित चालणारच नाही.

खर्चात सगळ्यात मोठा झटका हेल्थ सरचार्जचा. फेब्रुवारी २०२४ पासून माणशी वर्षाला १,०३५ पौंड आणि व्हिसा जितक्या वर्षांचा, तितक्या वर्षांचे पैसे एकदम, आधीच. तीन वर्षांचे झाले ३,१०५ पौंड, म्हणजे साडेतीन लाखांच्या आसपास. बायको किंवा नवरा सोबत असेल तर डबल. (जोडीदाराला तिथे नोकरी करता येते, हा मात्र मोठा प्लस.) हे पैसे कोण भरणार, ते पगाराच्या बोलणीतच विचारून टाका. त्यात लाजायचं काय?

पण मला खरी काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. हा व्हिसा तुमच्या नावावर असला तरी त्याची दोरी कंपनीच्या हातात असते. नोकरी गेली किंवा कंपनीचं लायसन्स रद्द झालं, की होम ऑफिस साधारण ६० दिवस देतं. तेवढ्यात दुसरा स्पॉन्सर शोधा, नाहीतर बॅग भरा. इथे नोकरी गेली तर माणूस दोन महिने आईच्या हातचं खातो, झोपा काढतो. तिथे भाडं, शाळा, ईएमआय, सगळ्याचा हिशेब ६० दिवसांत. कर्ज काढून गेलेल्या अनेक केअर वर्कर्सवर ही वेळ आली. लाखो रुपये मोजून स्पॉन्सरशिप मिळवली आणि पुढे कंपनीचं लायसन्सच गेलं! लायसन्सचा आणि सर्टिफिकेटचा खर्च कर्मचाऱ्याकडून वसूल करायला ३१ डिसेंबर २०२४ पासून बंदी आहे. तेव्हा ‘सर्टिफिकेटचे एवढे लाख’ असं कुणी म्हणालं, तर चहाही न पिता उठा.

राहता राहिला नोटीस पीरियड. जॉइनिंगच्या तारखेआधी जास्तीत जास्त तीन महिने व्हिसाचा अर्ज करता येतो. निकाल यायला साधारण तीन आठवडे. उरले जेमतेम सत्तर दिवस आणि आपल्या आयटीवाल्यांची नोटीस नव्वद दिवसांची! व्हिसा हातात येईपर्यंत राजीनामा देऊ नका, हे तर आलंच. पण हे वीस दिवस कुठून आणायचे, हे दोन्हीकडच्या एचआरशी आधीच बोलून ठेवा. इथे बायआउट मिळेल का? तिथे जॉइनिंग पुढे सरकेल का? तिकडून जे उत्तर येईल, ते मेलवरच मागा.