नारळीकरांच्या विश्वात कृमिविवर बसते का?

१/ जयंत विष्णू नारळीकर यांचा जन्म १९ जुलै १९३८ रोजी कोल्हापुरात झाला आणि २० मे २०२५ रोजी पुण्यात ते निवर्तले. त्यांच्याविषयी बोलताना आम्हा कोल्हापूरकरांकडून अभिमानाच्या भरात एक गल्लत होते. त्यांनी महास्फोटाला पर्याय दिला, तेव्हा कृमिविवरांनाही त्यांचा आधार असणारच, असे आपण गृहीत धरतो. हा धागा त्या गृहीतकाविषयी आहे.

२/ प्रथम कृमिविवराचा इतिहास पाहू. १९३५ मध्ये आइन्स्टाइन आणि नेथन रोझेन यांना सापेक्षतेच्या समीकरणांत अवकाशाचे दोन भाग जोडणारा ‘पूल’ आढळला. पुढे १९५७ मध्ये जॉन व्हीलर यांनी अशा जोडमार्गांना ‘वर्महोल’ हे नाव रूढ केले. १९६२ मध्ये त्यांनीच रॉबर्ट फुलर यांच्यासह दाखवले की, प्रकाशकिरण पार होण्यापूर्वीच हा पूल मिटतो.

३/ मग तो उघडा कसा ठेवायचा? साध्या पदार्थाचे गुरुत्व किरणांना एकत्र आणते. कृमिविवरात मात्र आत शिरताना एकवटलेले किरण पलीकडे फाकले पाहिजेत. त्यासाठी ऋण ऊर्जा लागते, हे १९८८ मध्ये मायकेल मॉरिस आणि किप थॉर्न यांनी स्पष्ट केले. अशी ऊर्जा पुरेशा प्रमाणात कोठे मिळावी, हीच सापेक्षतेतील मुख्य अडचण.

४/ आता पर्यायी विश्वाकडे वळू. बाँडी, गोल्ड आणि हॉइल यांनी १९४८ मध्ये स्थिर स्थिती सिद्धान्त मांडला. विश्व प्रसरण पावते, तरी त्याची घनता बदलत नाही. कारण नवा पदार्थ सतत निर्माण होत राहतो. पण शून्यातून पदार्थ आला, तर ऊर्जेच्या अक्षय्यतेचे काय?

५/ केंब्रिजमध्ये हॉइल आणि त्यांचे शिष्य नारळीकर यांनी १९६० च्या दशकात याचे उत्तर ‘सी-क्षेत्रा’त शोधले. या निर्मितिक्षेत्राची ऊर्जा ऋण असते. पदार्थाच्या रूपाने धन ऊर्जा जमा झाली की तितकीच ऋण ऊर्जा क्षेत्रात वाढते, आणि हिशेब जुळतो.

६/ साम्य येथेच आहे. १९७३ मध्ये होमर एलिस आणि किरिल ब्रोनिकोव्ह यांनी स्वतंत्रपणे न मिटणाऱ्या कृमिविवराचे गणित मांडले. त्यांनी घेतलेले क्षेत्रही ऋण ऊर्जेचेच होते. म्हणजे गणिताच्या दृष्टीने नारळीकरांच्या विश्वात कृमिविवराला लागणारे सामान आधीपासून हजर होते. तेव्हा ‘बसते का?’ या प्रश्नाचे उत्तर ‘बसू शकते’ असे द्यावे लागते.

७/ तरीही त्या सिद्धान्ताला कृमिविवराची गरज नव्हती. १९९३ मध्ये हॉइल, जेफ्री बर्बिज आणि नारळीकर यांनी सुधारित, स्थिरवत् विश्वाची कल्पना मांडली. तीत अतिघन वस्तूंजवळ लहान लहान निर्मितिस्फोट होतात आणि पदार्थ बाहेर फेकला जातो. हे कृमिविवराचे दुसरे तोंड वाटेल. पण कृमिविवर अन्यत्र असलेला पदार्थ आणून सोडते, येथे तो जागीच जन्मतो. दोन्ही कल्पनांत ऊर्जा एका जातीची, कार्य मात्र निराळे.

८/ आणि पुरावा? १९६५ मध्ये पेन्झियास आणि विल्सन यांनी सूक्ष्मलहरींच्या पार्श्वप्रारणाचा शोध प्रसिद्ध केला. तेव्हापासून पारडे महास्फोटाकडे झुकले. स्थिरवत् विश्वालाही बहुसंख्य शास्त्रज्ञांनी स्वीकारले नाही. कृमिविवराचे निरीक्षण तर आजवर एकदाही झालेले नाही. पर्यायी सिद्धान्त बाजूस पडला असताना त्याच्या बळावर कृमिविवर सिद्ध झाल्याचे सांगणे म्हणजे बुडालेल्या पेढीवर हुंडी लिहिणे होय.

९/ हे लिहिताना कोल्हापूरचा म्हणून मनाला थोडे लागते. पण पराभूत पक्षाचा इतिहास प्रामाणिकपणे लिहिणे हाही आपल्या विद्येचा धर्म आहे. सर्वमान्य मताला हॉइल-नारळीकरांनी दीर्घकाळ अवघड प्रश्न विचारले आणि त्यांची उत्तरे शोधणे विरोधकांना भाग पडले. हे योगदान खरे आहे. त्याला खोट्या विजयाचे तोरण लागत नाही.

१०/ स्वतः नारळीकरांनी कल्पना आणि प्रतिपादन यांची सरमिसळ केली नाही. ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या त्यांच्या कथेत इतिहासाचे प्राध्यापक अशा जगात पोहोचतात, जेथे विश्वासरावांना लागायची गोळी चुकते आणि मराठे पानिपत जिंकतात. ही कथा त्यांनी कथा म्हणूनच लिहिली. फलज्योतिषाचा प्रश्न आला, तेव्हा मात्र त्यांनी सहकाऱ्यांसह ज्योतिषांची रीतसर चाचणी घेतली.

११/ म्हणून माझे मत असे : नियमांत बसणे आणि प्रत्यक्षात असणे यांत अंतर असते, आणि ते केवळ साधनांनी ओलांडता येते. पानिपत जिंकणे मराठ्यांना अशक्य नव्हते, एवढ्यावरून कोणी विजयाची बखर लिहीत नाही. आपल्या अनुभवाच्या पुष्ट्यर्थ त्या कथेतील गंगाधरपंतांनाही बखरीचे एक फाटके पान दाखवावे लागले. कृमिविवराच्या पुरस्कर्त्यांकडे आपण तेच मागावे, आणि ते मिळेपर्यंत थांबावे.