नकाशात गाव दिसावे, केवळ शाखा नव्हेत

पुणे-सोलापूर लोहमार्गावरील जेऊर हे करमाळा तालुक्याचे रेल्वेचे दार आहे. या स्थानकावर उतरणाऱ्या परक्या माणसाने गाव ओळखायचे कशावरून? १८८४ साली प्रसिद्ध झालेल्या सोलापूर जिल्ह्याच्या गॅझेटियरने गावांची ओळख राज्यकर्त्यांच्या नजरेतून करून दिली होती. आज हे काम लोकांच्या हाती आले आहे. २००४ साली सुरू झालेला ओपनस्ट्रीटमॅप हा नकाशा आणि २०१३ पासून विकिमीडियाच्या परिवारात असलेले विकिव्हॉयेज हे प्रवास-मार्गदर्शक सामान्य माणसांच्या श्रमदानातून वाढत आहेत. ज्याला माहिती आहे त्याने ती भरावी आणि ती सर्वांची व्हावी, हे तत्त्व समाजवाद्यांना परके नाही.

परंतु दार सर्वांना खुले असले, तरी त्यातून आत शिरण्याची ताकद सर्वांची सारखी नसते. साखळी दुकानांची कंपनी मुख्य कचेरीत पगारी माणूस बसवून आपल्या शेकडो शाखांच्या नोंदी करून घेऊ शकते. रास्त भावाच्या दुकानाला किंवा स्थानकाबाहेरच्या चहाच्या टपरीला असा कारकून कोठून मिळणार? नियम सर्वांना एकच, आणि फळ मात्र ज्याच्याजवळ भांडवल त्याला, हा अनुभव बाजारपेठेत नवा नाही. तोच आता नकाशातही येऊ पाहत आहे. परिणामी सोलापूर, पुणे, नागपूर यांचे वर्णन एकाच साच्याचे होते, आणि जेऊरसारखे गाव जवळजवळ कोरेच राहते.

यावर शाखांच्या नोंदी सरसकट पुसून टाकाव्यात, असा उतावळा उपाय काही जण सुचवतील. तो चुकीचा आहे. रात्री औषध शोधणाऱ्या माणसाला दुकान उघडे असल्याशी कर्तव्य असते. त्याचा मालक कोण, हा प्रश्न त्या घटकेला गौण असतो. शिवाय शाखा असणे हा गुन्हाही नव्हे. १९४८ साली मुंबईत नायगावच्या गिरणी कामगारांच्या वस्तीत उभ्या राहिलेल्या ‘अपना बाजार’नेही पुढे शाखा काढल्या, पण त्या ग्राहकांच्या सहकारी मालकीच्या होत्या.

म्हणून नकाशा आणि मार्गदर्शक यांत भेद केला पाहिजे. नकाशा ही मोजदाद आहे. जे दुकान रस्त्यावर उभे आहे ते तेथे दिसलेच पाहिजे. मार्गदर्शक ही निवड आहे. तेथे एकाच कंपनीच्या दहा शाखांना मिळून एक ओळ पुरेशी आहे. ज्या गावी ती गरज दुसरे कोणी भागवीत नाही, त्या गावी शाखेची स्वतंत्र नोंद रास्त ठरेल. नोंदीत पत्ता, वेळ आणि सोय असावी. कंपनीच्या जाहिरातीची भाषा नसावी. पगार देऊन नोंदी करविणाऱ्याने तसे उघडपणे सांगावे. संघटितपणे होणाऱ्या कामाची माहिती जाहीर करण्याची मार्गदर्शक सूत्रे ओपनस्ट्रीटमॅपने २०१८ मध्ये स्वीकारली आहेत. त्यांवर लक्ष ठेवण्याचे काम स्थानिक माणसांनीच करावयाचे आहे.

तरीही नियमांनी कोरा कागद भरत नाही. जेऊरात बाजार कोणत्या वारी भरतो, करमाळ्याची एस.टी. कोठून सुटते, रास्त भावाचे दुकान कोणत्या गल्लीत आहे, उजनीच्या जलाशयाकाठच्या केळीच्या बागांकडे जाणारी वाट कोणती, हे कोणत्याही मुख्य कचेरीला ठाऊक नाही. ते गावातल्या माणसाला ठाऊक आहे. कार्यकर्त्यांच्या खिशात आज दूरध्वनी आहे आणि गावाची खडान्‌खडा माहिती त्यांच्या तोंडपाठ आहे. शाखा-बैठकीनंतरचा एक तास त्यांनी या कामाला द्यावा. मक्तेदारीची तक्रार करणाऱ्यांनीच सार्वजनिक जागा मोकळी सोडली, तर ती भरायला कंपन्या मुहूर्त पाहत बसणार नाहीत.