परदेशात स्टॉल लावायचाय? आधी एका फ्रेमवाल्याची गोष्ट ऐका



मागच्या आठवड्यात रावेर तालुक्यातल्या एका ताईंचा फोन आला. केळीच्या सोपटाच्या धाग्यापासून पिशव्या आणि टोपल्या बनवतात. हाताखाली चार बाया आहेत, माल खरंच चांगला आहे. त्यांना कोणीतरी दुबईच्या प्रदर्शनात स्टॉल देतो म्हणून सांगितलं. स्टॉल, विमान, हॉटेल सगळं मिळून तीन लाख दहा हजार. "भाऊ, तुमचा तो व्हिडिओ पाहिला ना, प्रदर्शनाशिवाय ब्रँड होत नाही म्हणून, तेव्हाच ठरवलं. पाटल्या गहाण ठेवून राहिली मी. शुक्रवारी पैसे भरायचे."

पाटल्या ऐकून मला घाम फुटला. व्हिडिओ माझाच. त्यात जे बोललो ते अर्धंच होतं. उरलेलं आज लिहितो.

उदाहरण जरा लांबचं आहे, चित्रं विकणाऱ्या गॅलरीचं. तुम्ही म्हणाल, यावलच्या फ्रेमवाल्याला आर्ट गॅलरी कुठून सुचली? फ्रेमवरूनच सुचली.

मुंबईत केकू गांधी नावाचे पारशी गृहस्थ होते. १९४१ च्या सुमारास त्यांनी फ्रेमच्या पट्ट्या बनवायचा धंदा सुरू केला, नाव केमोल्ड. म्हणजे आपलाच धंदा! चित्रकार फ्रेम करायला यायचे, ओळखी व्हायच्या. हुसेन, आरा, हेब्बर ही मंडळी तेव्हा आजच्यासारखी मोठी नव्हती. त्यांची चित्रं केकूशेठ आपल्या फ्रेमच्या दुकानात लावायचे. पुढे १९६३ मध्ये केकू आणि त्यांच्या पत्नी खोर्शेद यांनी जहांगीर आर्ट गॅलरीच्या पहिल्या मजल्यावर स्वतःची गॅलरी काढली. १९८८ मध्ये मुलगी शिरीन गांधी यांनी कारभार हातात घेतला. २००७ मध्ये गॅलरी फोर्टमधल्या प्रेस्कॉट रोडला गेली, आता ती केमोल्ड प्रेस्कॉट रोड म्हणून ओळखली जाते. आज ही गॅलरी बासेल, हाँगकाँग, लंडन इथल्या मोठ्या आर्ट फेअरमध्ये जाते.

आता तारखा पुन्हा बघा. १९४१ ला दुकान, १९६३ ला गॅलरी. मधली बावीस वर्षं हा माणूस गिऱ्हाईक आणि कारागीर ओळखत बसला होता. त्यांच्या गॅलरीचा स्टॉल परदेशात लागतो तेव्हा त्याच्या पाठीशी एवढी शिदोरी असते.

आणि या फेअरमध्ये नुसते पैसे भरून जागा मिळत नाही, हे मला सगळ्यात आवडलं. आर्ट बासेल १९७० पासून स्वित्झर्लंडमध्ये भरतं, २०१३ पासून हाँगकाँगलाही. तिथे अर्ज करावा लागतो. निवड समितीत बहुतेक गॅलरीवालेच असतात. तुमची कायमची जागा आहे का, वर्षभर तुम्ही कोणती प्रदर्शनं केली, कोणत्या कलाकारांबरोबर काम करता, स्टॉलवर नेमकं काय मांडणार, हे सगळं ते बघतात. नापास झालात तर घरी. आपल्याकडे उलटं आहे. तुम्हाला कोणी न विचारता फोन करून 'मॅडम, दोनच स्टॉल उरलेत' म्हणत असेल, तर तिथे माल तुमचा विकला जाणार नाही. तिथे स्टॉल विकला जातोय आणि गिऱ्हाईक तुम्ही आहात.

दुसरी गोष्ट. फेअर उघडायच्या आधीच गॅलरीवाल्यांचं बरंच काम झालेलं असतं. काय काय नेणार त्याची पीडीएफ ते जुन्या गिऱ्हाइकांना आधी पाठवतात. काही चित्रांचा सौदा पेटी उघडायच्या आधीच ठरलेला असतो. पहिले एक-दोन दिवस फक्त निमंत्रितांसाठी असतात, सर्वसाधारण लोक नंतर. २०२० मध्ये कोरोनामुळे हाँगकाँगचा फेअर रद्द झाला, तेव्हा आयोजकांनी मार्चमध्ये ऑनलाइन दालनं उघडून दिली. ज्यांची यादी तयार होती त्यांना निदान चित्रं दाखवायला माणसं तरी होती.

आता माझी फजिती सांगतो. पाच वर्षांपूर्वी मी पुण्याच्या एका प्रदर्शनात सागवानी फ्रेम घेऊन गेलो. १२० नग, भुसावळहून टेम्पो, तीन दिवसांचं भाडं, मदतीला मामाचा पोरगा. खर्च ३८ हजार. सात फ्रेमच्या काचा रस्त्यातच तडकल्या. आयोजकांनी कोपऱ्यातली जागा सांगून जनरेटरशेजारची दिली. विक्री ११ हजार ४०० रुपये. भांडलो, उपयोग झाला नाही. पण खरी चूक आयोजकांची नव्हती. तीन दिवसांत दोनेकशे माणसं स्टॉलवर थांबली असतील, त्यातली एक बाई म्हणाली, आमच्या नव्या ऑफिसला साठ फ्रेम लागतील. मी तिला माझं कार्ड दिलं. तिचा नंबर घेतला नाही. बीबीए झालेला माणूस, ग्राहक-संबंध या विषयात ७१ मार्क!

तिचा फोन कधीच आला नाही. ते ३८ हजार मी विसरलो, साठ फ्रेम अजून विसरलो नाही.

काही जण म्हणतील, गॅलरीवाले लाखोंचं चित्र विकतात, आपली पिशवी अडीचशेची, तुलना कशाला? बरोबर. पण म्हणूनच तर आपलं गणित जास्त कडक पाहिजे. मी त्या ताईंना फोनवरच हिशोब करायला लावला. सामानात ४६ किलो नेता येईल असं धरा. एक पिशवी २०० ग्रॅमची. म्हणजे २३० पिशव्या. सगळ्या विकल्या, आणि प्रत्येकीवर हजार रुपये निव्वळ नफा मिळाला असं स्वप्न बघितलं, तरी होतात दोन लाख तीस हजार. ऐंशी हजार खिशातून. सगळा माल विकूनसुद्धा! पलीकडून ताई बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

भाड्याचंही बोलतो. २०१८ मध्ये डेव्हिड झ्विर्नर या बड्या गॅलरीमालकानं जाहीरपणे म्हटलं की मोठ्यांनी जास्त भाडं देऊन लहान गॅलऱ्यांचा भार हलका करावा. त्यानंतर आर्ट बासेलनं दर बदलले: जागा जितकी मोठी, तितका चौरस मीटरचा दर जास्त. म्हणजे तिथल्या गॅलऱ्यांनाही भाडं जड जातं! आपल्याकडे सोफ्याच्या शोरूमवाल्याला आणि पापडवाल्या ताईला एकच दर लावतात, हे मला पटत नाही. जिथे ओळख आहे तिथे तुम्ही हा मुद्दा मांडा. आणि उद्यम नोंदणी असेल तर केंद्राच्या लघुउद्योग मंत्रालयाच्या योजनांमधून स्टॉलभाड्याचा काही भाग परत मिळू शकतो. अर्ज मात्र जायच्या आधी करायचा, आल्यावर बिलं घेऊन गेलात तर काही मिळत नाही. जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन चालू नियम विचारा.

ज्यांची खरंच तयारी झाली आहे त्यांच्यासाठी एक कामाचा शब्द: एटीए कार्नेट. मालाचा पासपोर्ट समजा. प्रदर्शनापुरता माल परदेशात नेऊन परत आणायचा असेल तर याच्यावर तिथली ड्युटी भरावी लागत नाही. भारतात फिक्की देते, मुदत एक वर्ष. पण तिथेच विकून यायचं असेल तर हे चालत नाही, विकलेल्या मालावर त्या देशाचा कर भरावाच लागतो. हाँगकाँगला चित्रांवर आयातकर नाही, विक्रीकरही नाही. फेअर तिथे एवढा फोफावला त्याचं हे एक मोठं कारण.

आणि जाता जाता एक आपल्या मातीतली गोष्ट. १९३६ च्या डिसेंबरात काँग्रेसचं अधिवेशन आपल्याच तालुक्यात, फैजपूरला भरलं होतं, खेड्यात भरलेलं पहिलं. गांधीजींनी सजावटीला शांतिनिकेतनहून नंदलाल बोस यांना बोलावलं. एवढा मोठा कलाकार, आणि त्यांनी काम केलं ते बांबू आणि इथे मिळेल त्या साहित्यात. आज त्याच नंदलाल बोस यांची चित्रं राष्ट्रीय ठेवा आहेत, कायद्यानं देशाबाहेर विकायला नेता येत नाहीत. स्टॉलच्या सजावटीला चाळीस हजार मागणाऱ्याला हे जरूर सांगा.

त्या ताईंना मी शेवटी विचारलं, मागच्या दिवाळीत जळगावच्या प्रदर्शनात पिशव्या घेतल्या त्यातल्या किती जणींचे नंबर आहेत? वहीत शोधून म्हणाल्या, अकरा. शुक्रवारी त्यांनी पैसे भरले नाहीत. त्या अकरा जणींना नव्या टोपल्यांचे फोटो पाठवले, दोघींनी ऑर्डर दिली, एकीनं भाव पाडून मागितला. पाटल्या घरात आहेत.

मी डिसेंबरात पुण्याच्या त्याच प्रदर्शनात पुन्हा जातोय. या वेळी चाळीसच फ्रेम, काचेऐवजी ॲक्रिलिक, आणि दोनशे पानी वही. परत आलो की खर्चाच्या पावत्यांसकट व्हिडिओ टाकतो.