बोलून काय होतं?

‘काही विचारलं की “काही नाही” म्हणते आणि आत निघून जाते,’ ही तक्रार आपल्या जळगाव-धुळ्याकडे घरोघरी ऐकू येते. दहावी-बारावीचं वर्ष असेल तर आपण म्हणतो, अभ्यासाचं टेन्शन असेल. नाहीतर म्हणतो, वयच तसं आहे. बरेचदा ते खरंही असतं. पण मूल दोन आठवड्यांहून जास्त दिवस उदास किंवा सतत चिडलेलं असेल, झोप-जेवण बिघडलं असेल, आवडत्या गोष्टीही नकोशा झाल्या असतील, तर ‘वय’ म्हणून सोडून देऊ नये. ते नैराश्य असू शकतं, आणि नैराश्य हा आजार आहे. या वयात तो रडण्याऐवजी अनेकदा चिडचिडीतूनच दिसतो.

आज हा विषय काढायला कारण आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. त्यातले १,७६४ आपल्या महाराष्ट्रातले, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक. त्यानंतर २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं, विशाखापट्टणमला ‘नीट’ची तयारी करणाऱ्या एका १७ वर्षांच्या मुलीच्या मृत्यूच्या प्रकरणात, देशभरासाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या शाळा, कॉलेज, क्लास यांनी किमान एक प्रशिक्षित समुपदेशक नेमायचा. त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञाशी रीतसर जोडून घ्यायचं. मार्कांवरून मुलांच्या वेगवेगळ्या तुकड्या पाडायच्या नाहीत.

हे वाचलं की पुष्कळ बायका मला एकच विचारतात, ‘अहो, पण नुसतं बोलून काय होतं? गोळी-औषध तरी द्या!’

प्रश्न रास्त आहे. बोलून हलकं वाटतं, हे खान्देशात तरी कुणी शिकवायला नको. आखाजीला माहेरी आलेल्या लेकी झोक्यावर बसून गाण्यांतून सासरचं सगळं सांगून टाकतात. पण हलकं वाटणं वेगळं आणि आजार बरा होणं वेगळं. म्हणूनच बोलण्याच्या उपचाराचीही औषधासारखीच परीक्षा घ्यावी लागते. एका गटाला तो उपचार द्यायचा, दुसऱ्याला नेहमीचा, आणि काही महिन्यांनी दोघांची तुलना करायची. अशा परीक्षा आपल्याच देशात, आपल्या शेजारीही झाल्या आहेत.

गोव्यात ‘संगाथ’ या संस्थेनं प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या, तीव्र नैराश्याच्या ४९५ प्रौढ रुग्णांवर असा अभ्यास केला. तो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. उपचार देणारे डॉक्टर नव्हते. ती साधी, स्थानिक, प्रशिक्षण दिलेली माणसं होती. सहा ते आठ भेटी व्हायच्या. उदास माणूस कामं सोडतो, माणसं टाळतो, आणि त्यामुळं आणखी उदास होतो. हे चक्र तोडायला रोजची लहान लहान कामं ठरवून करायची, अडचणी एकेक करून सोडवायच्या, असं त्या बोलण्याचं स्वरूप होतं. तीन महिन्यांनी या गटातले ६४ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले होते. दुसऱ्या गटात हे प्रमाण ३९ टक्के होतं.

हे झालं मोठ्यांचं. मुलांसाठी याच संस्थेनं दिल्लीच्या सहा सरकारी शाळांत २०१८ मध्ये, नववी ते बारावीच्या सुमारे अडीचशे मुलांवर अभ्यास केला. चार-पाच छोट्या भेटी आणि सोबत चित्रगोष्टींच्या पुस्तिका. अडचण नेमकी कोणती, उपाय कोणकोणते, त्यातला एक करून बघ, अशी पद्धत. दुसऱ्या गटाला फक्त पुस्तिका मिळाल्या. दीड महिन्यानं, बोलणाऱ्या मुलांना स्वतःच्या अडचणींचा जाच कमी वाटत होता, पण उदासी-चिंतेच्या एकूण लक्षणांत दोन्ही गटांत ठळक फरक नव्हता. म्हणजे फायदा झाला, पण बेताचा. जादू होते असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका.

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो बिहारच्या नालंदा जिल्ह्यातला अभ्यास. तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. ७४ शाळा, नववीचे सुमारे तेरा हजार विद्यार्थी. मन मोकळं करण्यासाठी पत्रपेटी, भित्तिपत्रक, स्पर्धा आणि गरज असेल त्याच्याशी एकट्यानं बोलणं, असा कार्यक्रम होता. काही शाळांत तो शिक्षकांनी राबवला, काही शाळांत प्रशिक्षण दिलेल्या बाहेरच्या व्यक्तीनं. बाहेरच्या व्यक्तीच्या शाळांत मुलांमधलं नैराश्य आणि दादागिरी कमी झाली. शिक्षकांच्या शाळांत मात्र फरक पडला नाही.

शिक्षक वाईट म्हणून नव्हे. मला तरी कारण साधं दिसतं. जे सर मार्क देतात आणि आपल्या बाबांना बाजारात भेटतात, त्यांच्यापाशी पोर कशी बोलणार? आईचंही तसंच. आपल्याला सांगितलं तर आपण रडू, रागावू, नाहीतर मावशीला फोन करू, हे पोरांना पक्कं ठाऊक असतं. त्यांना तिसरं माणूस हवं, गुपित राखणारं. जिवाला धोका दिसला तर मात्र ते घरच्यांना सांगेल, हेही त्यानं पहिल्याच भेटीत मुलाला सांगायला हवं.

म्हणून मी म्हणते, एखाद्या शिक्षिकेच्या गळ्यात ‘समुपदेशक’ अशी जबाबदारी अडकवून कागद पूर्ण करू नयेत. शिरपूर, साक्री, चोपडा, यावलकडे आश्रमशाळा आणि वसतिगृहं आहेत. तिथल्या पोरी घरी पावरी, भिली, अहिराणी बोलतात. त्यांच्याशी त्यांच्याच भाषेत बोलणारं कुणी हवं. आपल्या गावांत पदव्या घेऊन घरी बसलेल्या कितीतरी मुली आहेत. तज्ज्ञांच्या देखरेखीखाली त्यांना तयार केलं, तर नेमलेल्या समुपदेशकाला मोठा हातभार लागेल. हे होऊ शकतं, गोव्यानं आणि नालंदानं दाखवलंय.

बोलण्यालाही मर्यादा आहे. अमेरिकेत २००४ मध्ये मध्यम ते तीव्र नैराश्याच्या ४३९ मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. बारा आठवड्यांनी, औषध आणि बोलणं दोन्ही मिळालेल्यांपैकी ७१ टक्के सुधारले, फक्त औषधावर ६१, फक्त बोलण्यावर ४३ आणि खोट्या गोळीवर ३५. म्हणून आजार जास्त असेल तर मानसोपचारतज्ज्ञ हवाच. जळगाव आणि धुळे दोन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. तिथे जायला लाजू नका. पोर ‘मला जगायचं नाही’ म्हणाली तर नाटक समजू नका. तिला एकटी सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. १४४१६ ही ‘टेलीमानस’ची मोफत सेवा चोवीस तास चालते, मराठीतही बोलता येतं.

आणि मैत्रिणींनो, पुढच्या पालकसभेत मार्कांआधी एक प्रश्न विचारा. आपल्या शाळेत समुपदेशक कोण आहे, कोणत्या दिवशी येतात आणि मुलांना त्यांच्याशी एकट्यानं बोलायला जागा कुठं आहे? उत्तर ‘बघू’ असं आलं, तर पुढच्या सभेतही हाच प्रश्न विचारा. चार जणींनी मिळून विचारा.