स्पितीच्या बेतातले रिकामे दिवस

माथेरान-महाबळेश्वरची आपली सवय इतकी जुनी की, डोंगरावर जायचे म्हणजे ‘पॉइंट’ बघायचे, हे आपण धरूनच चालतो. सकाळी चार, दुपारी तीन, मग सूर्यास्त. हीच वही बगलेत मारून मराठी कुटुंबे आता हिमाचलातल्या स्पितीकडे निघाली आहेत. जरूर जावे. पण वही घरी ठेवून.

माझ्या मुलीने मेअखेरच्या सहलीचा आखलेला बेत समोर आहे. दहा दिवसांची रजा. आधी अमृतसर, मग मनाली. तिथून पहाटे निघून रात्री काझा. दुसऱ्या दिवशी किब्बर, कोमिक, हिक्कीम, तिसऱ्या दिवशी चंद्रताल, की परत. बरोबर दहा वर्षांचा नातू आणि साठी ओलांडलेले आम्ही दोघे. एक तास मोकळा नाही. बँकेत मी कर्जाचे प्रस्ताव तपासत असे. अडीअडचणीसाठी पैसा बाजूला न ठेवलेला प्रस्ताव कितीही सुबक टाइप केलेला असो, मला धास्ती वाटे. हा कागद त्याच जातीचा.

उंची पाहा. आपले कळसूबाई १६४६ मीटर. मनाली सुमारे २०००. काझा ३८०० च्या आसपास. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ६३ टक्के, आणि प्राणवायूही त्याच प्रमाणात विरळ. शरीर सरावते, पण त्याला दिवस लागतात. ३००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची रोज पाचशे मीटरहून फार वाढवू नये, तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावे, असे डॉक्टर सांगतात. डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणे या पहिल्या खुणा. दर रविवारी सिंहगड चढणाऱ्यालाही त्या चुकत नाहीत. दुखणे वाढले तर खाली उतरणे हाच खरा इलाज. लहान मुलाला तर काय होते आहे ते सांगताही येत नाही. ते नुसते किरकिरते आणि आपण त्याच्यावर डाफरतो.

म्हणून सिमल्याहून किन्नौरमार्गे जावे. सिमला २२००, कल्पा २९००, ताबो ३२८०, मग काझा. चढ पायरीपायरीने येतो. कल्प्यातून किन्नर कैलास समोर दिसतो. ताबोला इसवी सन ९९६ मधला मातीचा मठ आहे, आतल्या भिंती चित्रांनी भरलेल्या. शिवाय मेमध्ये मनालीकडची कुंझुम खिंड पुष्कळदा बर्फाने बंदच असते. किन्नौरचा रस्ताही निर्धोक नव्हे. ऑगस्ट २०२१ मध्ये निगुलसरीला दरड कोसळून २८ माणसे गेली. पावसाळ्यात तो टाळावाच.

आणि दोन दिवस कोरे ठेवावेत. जुलै २०२३ मध्ये, भर उन्हाळ्यात, चंद्रतालजवळ बर्फ पडून अडीचशेहून अधिक पर्यटक काही दिवस अडकले होते. परतीचे तिकीट दुसऱ्याच दिवसाचे असले की माणूस बंद रस्त्यावरही ड्रायव्हरला ‘चला’ म्हणतो. मला बर्फापेक्षा त्या ‘चला’चे भय अधिक.

मुलगी म्हणते, ‘बाबा, एवढा खर्च करून काझ्यात नुसते बसायचे?’ बसायचे. चहा प्यायचा, बाजारातून हळू चक्कर मारायची, दुपारी पडून राहायचे.

अमृतसर आणि चंद्रताल गाळायला ती आता तयार आहे. हिक्कीमचे उंचावरचे टपाल कार्यालय सोडायला मात्र नातू तयार नाही; मित्रांना पत्रे टाकायची आहेत. माझी ना नाही. काझ्यात एक अख्खा दिवस काढल्यावर.