समुद्राची शिकवणी

वारणाकाठच्या गावांत पोहायला शिकण्यासाठी पूर्वी कुणी फी भरत नसे. पाठीला सुका भोपळा नाहीतर पत्र्याचा डबा बांधायचा, चुलत्यानं विहिरीच्या काठावरून ढकलून द्यायचं, आणि थोड्याच दिवसांत पोरगं डबा सोडून मुटके मारायला लागायचं. कोडोली, काखे, बहिरेवाडी या पट्ट्यातली चाळिशी ओलांडलेली कितीतरी माणसं अशीच पोहायला शिकली. कोल्हापूरनं तर देशाला वीरधवल खाडे दिला. २००८ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी तो बीजिंग ऑलिंपिकमध्ये उतरला आणि २०१० साली ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत त्यानं ब्राँझ मिळवलं. आशियाई स्पर्धेतलं जलतरणाचं पदक भारताला चोवीस वर्षांनी मिळत होतं. अशा जिल्ह्याला पाण्याची भीती असण्याचं कारण नाही.

समुद्राची मात्र असायला हवी, आणि ती नसते.

दिवाळीची किंवा मे महिन्याची सुट्टी लागली की कोडोलीतल्या गाड्या घाट उतरू लागतात. कुणी मलकापूरवरून आंबा घाटानं गणपतीपुळ्याला जातं, कुणी गगनबावड्यावरून मालवणला, कुणी आंबोलीवरून गोव्याला. मुक्कामाला पोचलं की बॅगा खोलीत टाकायच्या आणि थेट पाणी गाठायचं, हा जवळपास रिवाज झाला आहे. आत्ता भरती आहे की ओहोटी, इथं पाण्याला ओढ कुठं आहे, हे किनाऱ्यावरच्या माणसाला विचारण्याइतकाही धीर नसतो. १५ एप्रिल २०१७ रोजी मालवणजवळ वायरीच्या किनाऱ्यावर बेळगावच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या सहलीतले आठ जण बुडाले. त्याआधी १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रानं पुण्याहून सहलीला आलेले डझनाहून अधिक विद्यार्थी नेले. दोन्ही वेळा माणसं घाटावरचीच होती.

सुट्टीत घेतल्या जाणाऱ्या सर्फिंगच्या खासगी तासाकडे या बाजूनं पाहायला हवं. अनेकांना तो मोबाइलमध्ये फोटो काढून आणण्याचा प्रकार वाटतो. पण जेट स्की, बनाना राइड, पॅरासेलिंग या सगळ्यांत माणूस बसतो, धरून ठेवतो आणि उतरतो. समुद्राबद्दल त्याला काडीचंही कळत नाही. सर्फिंगच्या तासात चांगला शिक्षक आधी कोरड्या वाळूत उभं करतो आणि समुद्राकडे बघायला लावतो. घाटावरच्या माणसाला नेमक्या याच गोष्टीची गरज आहे.

कोडोलीला सर्वांत सोयीचं ठिकाण म्हणजे उत्तर गोवा. कोल्हापूर, आजरा, आंबोली, सावंतवाडी करत सुमारे दोनशे किलोमीटरवर हरमल येतं. हरमल, मांद्रे, आश्वे या सलग किनाऱ्यांवर सर्फिंग शिकवणाऱ्या शाळा आहेत. इथला समुद्र ऑक्टोबर ते मे या काळात सौम्य असतो. लाटा गुडघाभर किंवा कमरेइतक्या, तळ वाळूचा आणि उतार हळूहळू जाणारा. नामांकित सर्फरला हे पाणी मिळमिळीत वाटेल, पण नवशिक्याला याहून चांगलं पाणी मिळायचं नाही.

तास बहुधा सकाळी लवकर ठेवतात, आणि त्यामागचं कारण शाळेच्या भूगोलात सगळ्यांनी वाचलेलं आहे. रात्री जमीन लवकर निवते, म्हणून पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. हे मतलई वारे. समोरून येणाऱ्या लाटेला हा वारा तोंडावर अडवतो, त्यामुळे तिचा चेहरा गुळगुळीत राहतो आणि ती नीट फुटते. ऊन चढलं की खारे वारे सुरू होतात, ते लाटेला पाठीमागून ढकलतात आणि दुपारपर्यंत सगळं पाणी विस्कटून जातं. परीक्षेसाठी पाठ केलेली ही दोन नावं इथं डोळ्यांना दिसतात.

भरतीचंही तसंच. कोकणातल्या दर्यावर्दींचा जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. अष्टमीला सहाच्या सुमारास, पंचमीला पावणेचारच्या, पौर्णिमा-अमावस्येला सव्वाअकराच्या आसपास. त्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी पुरी होते. ठिकाणानुसार थोडा फरक पडतो, पण अंदाज बांधायला हा हिशेब पुरतो. पौर्णिमा-अमावस्येच्या उधाणात पाणी जास्त चढतं, तितकंच जास्त आणि जोरानं उतरतं. कोडोलीतल्या प्रत्येक स्वयंपाकघरात भिंतीवर दिनदर्शिका आहे आणि तिच्यावर तिथी छापलेली आहे. सहलीचा दिवस ठरवताना उपवास पाहतात, तशी ही वेळही पाहता येईल.

यानंतर शिक्षक जे दाखवतो ते या सगळ्या तासाचं मोल आहे. लाट येते, उथळ पाण्यात तिचा पाय अडखळतो आणि ती फुटते. ढोबळ नियम असा की लाटेची उंची खालच्या पाण्याच्या खोलीच्या पाऊणपटीच्या पुढे गेली की लाट उभी राहू शकत नाही. म्हणजे जिथं पांढरा फेस आहे तिथं पाणी उथळ. आणि दोन फेसाळ पट्ट्यांच्या मधे एखादी जागा काळसर, शांत, लाट न फुटणारी दिसली, तर तिथं खोली आहे. किनाऱ्यावर चढलेलं पाणी परत जाताना याच खोल वाटेनं जातं. हीच ओढ. लहान मुलांना घेऊन आलेलं कुटुंब नेमकी हीच जागा निवडतं, कारण तिथं लाटा अंगावर येत नाहीत. अमेरिकेच्या हवामान खात्याच्या माहितीनुसार अशा ओढीचा वेग सेकंदाला ८ फुटांपर्यंत जाऊ शकतो. त्या वेगाविरुद्ध ऑलिंपिकमधल्या जलतरणपटूलाही किनारा गाठता येणार नाही. विहिरीत शंभर फेऱ्या मारणारा गडी इथं किनाऱ्याकडे तोंड करून जीव तोडून पोहतो आणि दमून बुडतो. करायचं असतं ते वेगळंच: घाबरून झगडायचं नाही, तरंगत राहायचं, किनाऱ्याला समांतर आडवं सरकायचं, ओढीचा अरुंद पट्टा संपला की फुटणाऱ्या लाटांबरोबर किनाऱ्याकडे यायचं. अनुभवी सर्फर तर आत जायला हीच ओढ मुद्दाम वापरतात. एवढी पंधरा मिनिटांची माहिती सहलीच्या प्रत्येक बसमध्ये आधी सांगितली गेली असती, तर किती घरं वाचली असती, हा विचार मनातून जात नाही.

मग बोर्ड हातात येतो. नवशिक्याचा बोर्ड आठ-नऊ फुटी, रुंद, वरून मऊ फोमचा असतो. त्याचा पट्टा मागच्या पायाच्या घोट्याला बांधतात. पुढचा पाय डावा की उजवा, हे आधी ठरवून घ्यायचं. वाळूतच बोर्डवर पालथं झोपून हातानं वल्हवायचं, छाती उचलायची, तळवे बरगड्यांशी टेकवून एका दमात दोन्ही पायांवर यायचं. तालमीत जोर काढलेल्या कोल्हापुरी माणसाला उठणं जड जात नाही. अडचण येते ती उठल्यावर. गुडघे ताठ राहतात आणि नजर पायांकडे जाते. नजर खाली गेली की माणूस गेला. शिक्षक परत परत सांगत राहतो की किनाऱ्यावरचं झाड बघ, पाय बघू नकोस.

कमरेइतक्या पाण्यात शिक्षक बोर्डचं शेपूट धरून उभा राहतो, मागून येणारी लाट तोच निवडतो, ढकलतो आणि ओरडतो. विद्यार्थी उठतो, पडतो. पडायचंही शिकवलेलं असतं. उडी मारायची नाही, आडवं, पसरून पडायचं, कारण पाणी किती उथळ आहे ते ठाऊक नसतं. वर येताना दोन्ही हात डोक्यावर घ्यायचे आणि बोर्ड आपल्या व लाटेच्या मधे कधीच ठेवायचा नाही. मग केव्हातरी पायाखालची फळी स्थिर होते, पांढरा फेस दोन्ही बाजूंनी पळत राहतो आणि माणूस उभ्यानं किनाऱ्याकडे येतो. काही सेकंदच, पण पन्नाशीतला गृहस्थही त्या वेळी लहान मुलासारखा ओरडतो.

खासगी तासाला पैसे जास्त पडतात, आणि ते सार्थकी लागतात असं ठामपणे म्हणता येतं. गटात पाच-सहा जण आणि एक शिक्षक असला की निम्मा वेळ वाट पाहण्यात जातो, आणि भित्रा माणूस मागेच राहतो. एकट्याच्या तासात शिक्षकाची नजर हलत नाही. खाऱ्या पाण्यात पहिल्यांदा उतरणाऱ्या गृहिणीला, कपड्यांचा किंवा लोकांच्या नजरांचा संकोच असलेल्या मुलीला, गुडघा दुखणाऱ्या काकांना याचा फार आधार वाटतो. पहिला तास खासगी घ्यावा, पुढचे खुशाल गटात. पैसे देण्याआधी मात्र चौकशी करावी: शिक्षकाकडे आंतरराष्ट्रीय सर्फिंग संघटनेचं प्रशिक्षकाचं प्रमाणपत्र आहे का, जीवरक्षणाचं प्रशिक्षण झालं आहे का. आणि पोहता येतं का, हे जो शिक्षक विचारतच नाही, त्याच्याकडे शिकू नये.

सुट्टीत सर्फिंग शिकण्याची हौस काही आजची नाही. हवाईतल्या वायकिकीच्या किनाऱ्यावर विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून स्थानिक तरुण पाहुण्यांना लाटेवर नेत आले. १९०७ साली तिथं लेखक जॅक लंडन शिकला. १९२२ साली नवऱ्याबरोबर जगप्रवासाला निघालेल्या रहस्यकथाकार अगाथा ख्रिस्तीनं आधी दक्षिण आफ्रिकेत म्यूझेनबर्गला पालथं पडून लाटा घेतल्या आणि मग वायकिकीला उभं राहायला शिकून घेतलं. प्रवाळानं पाय कापले, उन्हानं अंग भाजलं, रेशमी पोहण्याचा पोशाख फाटला म्हणून तिनं हिरवा लोकरी पोशाख घेतला. आत्मचरित्रात ती हे सगळं विलक्षण आनंदानं सांगते. तिच्या पोआरो या गुप्तहेराच्या चाहत्यांनी ती पानं जरूर वाचावीत.

भारतात हे लोण आधी पश्चिम किनाऱ्यावर रुजलं. कर्नाटकातल्या मुल्कीला जॅक हेबनर हा अमेरिकेतून आलेला संन्यासी आश्रम चालवत होता आणि लाटांवरही जात होता. तिथं २००४ साली मंत्रा सर्फ क्लब उभा राहिला. मुंबईची इशिता मालवीय मणिपालला पत्रकारिता शिकायला गेली, मुल्कीच्या या लोकांकडे पोचली आणि सर्फर झाली. पुढे तुषार पाथियनच्या साथीनं तिनं उडुपी जिल्ह्यात कोडी बेंगरे या मच्छीमारांच्या गावी शाका सर्फ क्लब चालवला आणि गावातल्या मुलांना पाण्यात उतरवलं. चेन्नईजवळच्या कोवलमला मच्छीमार कुटुंबातल्या मूर्ती मेगवननं शाळा काढली. २०२५ साली मामल्लपुरमला झालेल्या आशियाई सर्फिंग स्पर्धेत रमेश बुदिहाळनं ब्राँझ मिळवलं. त्या स्पर्धेतलं भारताचं ते पहिलं वैयक्तिक पदक.

या यादीत कोकण दिसत नाही, याची खंत वाटते. टोकियो ऑलिंपिकमध्ये सर्फिंग पहिल्यांदा आलं तेव्हा पुरुषांचं सुवर्ण ब्राझीलच्या इतालो फेरेरानं नेलं. त्याचे वडील मासे विकत. मासे ठेवायच्या थर्माकोलच्या खोक्याचं झाकण हा त्याचा पहिला बोर्ड. तशी खोकी मालवण, वेंगुर्ला, हर्णै, मिरकरवाडा इथल्या प्रत्येक लिलावात रचलेली असतात. किनाऱ्यावरून रापणीचं जाळं ओढणाऱ्या घरातल्या मुलाला ओढ कुठं आहे ते शिकवावं लागत नाही. तारकर्लीला पर्यटन महामंडळानं स्कूबा डायव्हिंगची संस्था उभी केली. लाटांसाठी तसंच शिक्षण, तसंच प्रमाणपत्र, किनाऱ्यावरच्याच मुलामुलींना का मिळू नये? कोल्हापूर-सांगलीचा पर्यटक त्यांच्या दारातून जातो. त्याला समुद्र शिकवणारा गुरू किनाऱ्यावरच भेटला, तर शिकवणाऱ्याला रोजगार मिळेल आणि शिकणाऱ्याचा जीव सुरक्षित राहील.

हे होईल तेव्हा होईल. तोवर कोडोलीकरांनी पुढच्या सहलीच्या खर्चातून एक जेट स्की कमी करावी आणि घरातल्या निदान एकाला हा तास द्यावा. पोहायला येणारा असेल तर त्यालाच आधी, कारण समुद्रात आत जाण्याचं धाडस तोच करतो. शाळा-महाविद्यालयांनी सहलीची परवानगी काढताना मुलांसाठी एका जाणत्या माणसाकडून अर्ध्या तासाचा समुद्राचा पाठ ठेवावा. गोव्याच्या किनाऱ्यांवर जीवरक्षक असतात. त्यांनी लाल-पिवळे झेंडे लावलेल्या पट्ट्यातच उतरावं, लाल झेंडा असेल तिथं पाण्यात पाय घालू नये. जून ते सप्टेंबर तिथं समुद्रात पोहायला मनाई असते आणि नवशिक्यांचे तासही बंद असतात. त्यामुळे बेत करायचा असेल तर दिवाळीनंतरचा किंवा मेच्या पहिल्या पंधरवड्यातला करा.